पाच ते सातची वीज

गुनवोरनं विजेवरची गाडी घेतली ती हौसेनं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर आमच्या ग्रोदाल दरीतले लोक काय वाट्टेल ते बोलतात. म्हणे, म्हातारपणी मिरवायची हौस आली! अहो, मिरवायला इथं आहे कोण? एकोणीस घरं, एक दुकान, आणि बाकी सगळं बर्फ.

अख्खा नॉर्वे देश कधीचा विजेच्या गाड्यांवर गेला. पण आमच्याकडे जानेवारीत पारा उणे तिशीला टेकतो आणि माणसं डिझेलला चिकटून बसतात. त्यातही गुनवोरचा नवरा ओस्मुन म्हणजे कहर. विजेच्या गाडीचं नाव काढलं की म्हणायचा, "ती गाडी नव्हे, चाकं लावलेला फ्रीज." घरची गाडी छत्तीस वर्षं त्यानंच चालवली, त्यानंच धुतली, त्यानंच दुरुस्त केली. गुनवोर दुकानातल्या पोस्टाच्या खिडकीत नोकरीला होती. घरापासून दोनशे पावलं. लायसन होतं, पण पाकिटातच.

ऑक्टोबरात ओस्मुनला झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. जीभ तेवढी वाचली, जरा सावकाश चालायची. आधी मोठं हॉस्पिटल झालं, मग त्याला डोंगरापलीकडच्या शहरात, व्यायाम देतात त्या केंद्रात ठेवलं. घरापासून चौऱ्याण्णव किलोमीटर, मध्ये स्कारफेलचा घाट. गुनवोर पासष्टी ओलांडलेली, डावा गुडघा कामातून गेलेला. डिझेल गाडीचा क्लच दाबताना तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तिसऱ्या खेपेला चढावर गिअरबॉक्सनंच मान टाकली. गॅरेजवाल्यानं हात झटकले. मग शेजारच्या गावातल्या एका निवृत्त मास्तरांकडून तिनं त्यांची वापरलेली विजेची गाडी घेतली. क्लच नाही, गिअर नाही, गुडघ्याला त्रास नाही. मास्तरांनी शिकवण्यासारखं एवढंच शिकवलं, "संध्याकाळी प्लग लावायचा, सकाळी काढायचा. बाकी तिचं ती बघते."

प्लग कुठं लावायचा हे काही तिला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे हिवाळ्यात अंगणातल्या प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर निघते आणि भिंतीतल्या प्लगात जाते. इंजिन गरम ठेवायला. नाहीतर डिझेल गाडी सकाळी जागची हलत नाही. गुनवोरच्या घरालाही स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तसा प्लग होता. गाडी म्हटली की वायर तिथं, हे तिच्या हाताला पाठ होतं. तिनं नवी गाडी तिथंच लावली. सकाळी सहाला कॉफी ठेवताना खिडकीतून पाहिलं, तर गाडीच्या नाकाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. तिचा जीव भांड्यात पडला. आठवड्यातून एकदा ती ओस्मुनला भेटायला जायची, तेवढ्यापुरतं चार्जिंग कधी कमी पडलं नाही.

मग जानेवारीत फ्रॉयदिसनं दोघांना समोर बसवलं. फ्रॉयदिस म्हणजे त्या केंद्राची प्रमुख, पन्नाशीची, सरळ बोलणारी बाई.

"दोन आठवडे घरी नेऊन बघू," ती म्हणाली. "पण मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊला तो इथं व्यायामाला हजर पाहिजे. म्हणजे चार खेपा. चारही वेळेवर झाल्या, आणि त्याला त्रास झाला नाही, तर तो घरीच राहील. नाही जमलं, तर इथं कायमच्या खोलीसाठी अर्ज भरू. एक खोली रिकामी होतेय, पण मी ती फार दिवस अडवून ठेवू शकत नाही."

"रुग्णांची गाडी आहे ना?" गुनवोरनं विचारलं.

"ती सगळ्या दऱ्या फिरत साडेतीन तास घेते. एवढं बसणं त्याला झेपणार नाही. आणणार कोण?"

"मी."

"त्या गाडीतून?"

"नाही, पाठुंगळीला मारून आणते! गाडीतूनच की."

फ्रॉयदिस हसली. ओस्मुन नाही हसला. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मध्ये घाट आहे, गुनवोर."

"घाट मला माहितीय. लग्न करून तिकडूनच आले मी."

अशी ती त्याला घरी घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी त्याची खुर्ची मांडली. उठवणं, बसवणं, वॉकर धरून चार पावलं चालवणं, मोज्यांपासून बटणांपर्यंत सगळं ती करायची. सकाळी नगरपालिकेची मदतनीस येऊन जायची, पण ती अर्धा तास. बाकीचे साडेतेवीस तास गुनवोरचे. ओस्मुन फार बोलायचा नाही. बटाटे, मासा, तपकिरी चीज लावलेला पाव, पुढ्यात येईल ते खायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा.

पहिली मंगळवारची खेप सुरळीत झाली. आदल्या दिवशी ओस्मुनला आणताना तिनं शहरातल्या मोठ्या चार्जरवर गाडी काठोकाठ भरली होती, आणि थंडीही जरा उतरली होती. शुक्रवारी मात्र घोळ झाला. मंगळवार संध्याकाळपासून गाडी प्लगात होती, आणि तरी शुक्रवारी सकाळी पडद्यावर आकडा आला अठ्ठावन्न टक्के. तिला काही कळेना. तीन रात्री पोटभर पाजलेलं गेलं कुठं?

नंतर दुकानात सगळ्यांनी एकच पाढा वाचला. थंडीत बॅटरी मरते. आम्ही सांगितलंच होतं. हालस्टाइन तर तयारच बसलेला. हालस्टाइन म्हणजे आमच्या दरीतला बर्फ उपसणारा, घाटावरचा नांगर, म्हणजे पुढं बर्फ ढकलायचं पातं लावलेला ट्रक, तोच चालवतो. ओस्मुनच्या वर्गातला. गुनवोरला चिडवायची एकही संधी तो सोडत नाही.

"काय गुनवोर, फ्रीज काय म्हणतोय?"

"तुझ्यापेक्षा कमी आवाज करतो."

"अगं, उणे चोवीस आहे. बाहेर ठेवलेलं दूधही गोठतं, ती बिचारी बॅटरी काय करणार? माझ्या ट्रकमधून नेलं असतं मी तुम्हाला, पण ओस्मुनला वर चढवायला क्रेन लागेल."

त्या शुक्रवारी सकाळी तिनं गाडीतला हीटर बंद ठेवला होता. ओस्मुनला दोन घोंगड्यांत गुंडाळलं, पायांखाली रेनडिअरचं कातडं घातलं, आणि घाट चढली. श्वासाची वाफ काचेवर आतून गोठायची, ती एका हातानं खरवडायची. साडेनऊला पाच कमी असताना पोचली तेव्हा पडद्यावर आठ टक्के उरले होते. मी पोचले, असं ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली.

पुढच्या मंगळवारी थंडी आणखी वाढली. घाटमाथ्यावरच्या बंद कॅफेपाशी एक चार्जर आहे, तिथं ती थांबली. पण गारठलेली गाडी वीज घेईना. पंचवीस मिनिटांत जेमतेम बारा टक्के. हीटर पुन्हा बंद. केंद्रात पोचायला नऊ एकोणतीस झाले. वेळ गाठली म्हणून ती फुशारकीनं आत आली, आणि फ्रॉयदिसनं ओस्मुनचा उजवा हातमोजा काढला.

बोटं पांढरी पडली होती, मेणासारखी.

"याला या हाताची जाणीव नाही," फ्रॉयदिस म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "बोटं गोठून गेली तरी याला कळणार नाही. तुलाच कळायला हवं. शुक्रवारी हा हात असा दिसला, तर मग अर्ज भरू. त्यावर आपण वाद घालायचा नाही."

गुनवोर बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि रडली. स्वतःचीच लाज वाटत होती. ज्याला घरी ठेवायचं म्हणून हा आटापिटा, त्याचीच बोटं आपण घालवायला निघालो होतो! मग तोंडावर गार पाणी मारलं, रुमालानं खसाखसा पुसलं आणि आरशातल्या बाईला म्हणाली, "आता पुरे. शुक्रवारी हीटर चालू राहणार, आणि तो वेळेवर पोचणार. कसं, ते शोधून काढ."

शोधायचं म्हणजे काय करायचं, हेच कळत नव्हतं. बुधवारी तिनं मास्तरांना फोन लावला, तर ते मुलीकडे स्पेनला. गाडीबरोबरचं जाडजूड पुस्तक काढून चष्मा लावून बसली, त्यात चाळीस पानं आरशांवर. हवामानवाल्यांनी शुक्रवारसाठी उणे एकतीस आणि घाटावर वारा सांगितला. ओस्मुन खुर्चीतून तिच्याकडे बघत होता.

"सोड ना," तो म्हणाला. "तिथली खोली वाईट नाही. खिडकी आहे."

"तू गप्प बस. मी वाचतेय."

गुरुवारी दुपारी, उजेड होता तोवर, ती गाडीवरचा बर्फ झाडत होती. हालस्टाइन तिच्या अंगणातला बर्फ ढकलायला आला होता. तो खाली उतरला, पाठ सरळ केली आणि गाडीच्या नाकाशी बघत म्हणाला, "चार्जिंगला लावायची विसरलीस?"

"डोळे फुटले का? ही काय वायर."

"मग दिवा का नाही?"

"दिवा सकाळी लागतो."

हालस्टाइननं टोपी मागं सरकवली. "सकाळी लागतो म्हणजे?"

"म्हणजे सकाळी लागतो! मी सहाला कॉफी ठेवते तेव्हा लागलेला असतो. हिरवा. मी रोज बघते."

"आणि संध्याकाळी प्लग लावतेस तेव्हा?"

गुनवोर थांबली. संध्याकाळी तिनं कधी बघितलंच नव्हतं. डिझेल गाडीच्या वायरीला दिवा कुठं होता? प्लग लावायचा आणि घरात पळायचं, नाक गोठायच्या आत. प्लग लावल्यावर वळून बघायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं.

हालस्टाइननं त्याच्या ट्रकमधला कामाचा दिवा आणला आणि भिंतीतल्या प्लगात खुपसला. दिवा ढिम्म. तो एकदम कपाळाला हात लावून खो खो हसायला लागला.

"अगं बाई! हा इंजिन गरम करायचा प्लग! रात्रभर वीज कोण जाळेल त्याच्यावर? याला घड्याळ असणार. सगळ्यांच्या घरी असतं. ओस्मुननं कुठं लावलंय?"

ते कोठारात सापडलं, जुन्या स्कीच्या मागं, भिंतीवर. करड्या रंगाची पेटी, त्यात सावकाश फिरणारी पांढरी चकती, आणि चकतीच्या कडेला बारीक खुंट्या. सगळ्या खाली दाबलेल्या, फक्त पहाटे पाच ते सातच्या तेवढ्या वर उचललेल्या. खाली चिकटपट्टीवर ओस्मुनच्या अक्षरात तेच आकडे लिहिलेले. छत्तीस हिवाळे, सकाळी कुठं बाहेर जायचं असलं की, गुनवोर ओस्मुनशेजारी ऊबदार गाडीत जाऊन बसली होती, आणि ती ऊबदार का असते याचा विचार एकदाही तिच्या मनात आला नव्हता.

"म्हणजे दिवसाला दोन तास," ती म्हणाली. "चोवीसांतले दोन तास मी तिला पाजतेय."

"आणि त्यातलाही निम्मा वेळ ती स्वतःचं अंग गरम करण्यात घालवत असणार!" हालस्टाइनला दाराचा आधार घ्यावा लागला. "आणि आम्ही सगळे म्हणतोय, बॅटरी मेली, बॅटरी मेली..." त्यानं डोळे पुसले. मग हसू हळूहळू ओसरलं आणि तो खाली बघत म्हणाला, "पण ओस्मुनला हे माहीत होतं ना. घड्याळ त्याचंच."

गुनवोर चिकटपट्टीवरचं अक्षर पुन्हा वाचत होती.

"आणि तो दिवसभर खिडकीतच..." हालस्टाइननं वाक्य गिळलं. पेटीच्या बाजूचं एक बटण त्यानं सरकवलं. "हे आता चोवीस तास सुरू. बाहेर जाऊन बघ, दिवा लागला असेल. अधूनमधून प्लगला हात लावून बघ, फार तापत नाही ना. आणि उन्हाळ्यात माणूस बोलावून नीट चार्जर बसवून घे, या जुन्या वायरीवर कायमचं नको. उद्या निघायच्या अर्धा तास आधी, प्लग काढायच्या आधी, गाडीचा हीटर सुरू कर. वीज घराची खाऊ दे तिला." तो टोपी नीट करत म्हणाला, "मला घाटावर जायचंय," आणि गेलाच.

गुनवोर घरात आली. बूट काढले नाहीत. खिडकीशी ओस्मुन बसला होता. त्याच्या समोर, काचेपलीकडे, गाडीच्या नाकाशी हिरवा दिवा लुकलुकत होता, दुपारी तीन वाजता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

त्यानं मान वळवली नाही. "होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या संध्याकाळी तू प्लग लावलास. दिवा लागला नाही. तेव्हाच."

"आणि तू बसून बघत राहिलास! मी गारठ्यात काच खरवडतेय, तुझी बोटं पांढरी पडतायत, आणि तू एक शब्द बोलला नाहीस! का?"

ओस्मुननं आता तिच्याकडे पाहिलं.

"सकाळी तू मला उचलतेस," तो म्हणाला, "तेव्हा तुझा गुडघा वाजतो. मला ऐकू येतं. तू ओठ चावतेस तेही दिसतं. हे वर्षभर चालेल? दहा वर्षं? मला वाटलं, गाडीच फसू दे. मग तुला नाही म्हणावं लागणार नाही. मलाही नाही. दोष गाडीचा. थंडीचा." त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळला होता. "मी तुझ्यावर ओझं झालोय. ते मला सहन होत नाही."

गुनवोरच्या अंगाचा तिळपापड झाला. रागानं, आणि त्याहून जास्त दुःखानं. ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली, म्हणजे त्याला दुसरीकडे बघता येऊ नये.

"ऐक. ओझं आहे की नाही, हे ज्याच्या खांद्यावर आहे त्यानं ठरवायचं असतं. तू एकट्यानं ठरवलंस, आणि वर मला वेड्यासारखं पळवलंस. चोरासारखं वागलास तू, ओस्मुन. माझ्याशी असं आजवर कुणी वागलं नव्हतं." तिनं खिडकीबाहेरच्या दिव्याकडे बोट केलं. "उद्या सकाळी साडेनऊला मी तुला तिथं पोचवणार. गरम हातांनी. तिथं पोचल्यावर तुला त्या खोलीत राहायचं असेल, तर खुशाल राहा. पण ते स्वतःच्या तोंडानं सांग, फ्रॉयदिसच्या समोर, माझ्या समोर. गाडीच्या आड लपायचं नाही."

"बरं," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी दोघं लवकर जेवली. ती दर तासाला बाहेर जाऊन प्लगला हात लावून यायची. दर वेळी वळून दिव्याकडे बघायची. झोपायच्या आधी चष्मा लावून आकडा पाहिला, तर तो चढत होता.

शुक्रवारी सकाळी पडद्यावर एकोणनव्वद. बाहेर उणे एकतीस. सहाला तिनं हीटर सुरू केला, पावणेसातला ओस्मुनला बाहेर आणलं, तेव्हा आतून ऊब अंगावर आली. तिनं त्याचा पट्टा लावला, वॉकर मागं टाकला, प्लग काढला आणि निघाली.

घाटाच्या पायथ्याशी फाटक बंद होतं. वर वारा सुटला होता, बर्फ रस्त्यावर उडत होता. अशा वेळी आमच्याकडे एकट्यानं जाऊ देत नाहीत. गाड्या फाटकाशी जमवतात आणि बर्फाच्या नांगरामागं ओळीनं नेतात. ओळ आठला निघणार होती. आत्ता सात पंचवीस. म्हणजे पस्तीस मिनिटं उभं राहायचं, हीटर चालू ठेवून.

ओस्मुननं पडद्याकडे बघितलं. "हीटर बंद कर. उगाच खाईल."

"हात लावलास तर बघ."

पडद्यावरचा आकडा एकाहत्तर. जरा वेळानं सत्तर. गुनवोरचा हात बटणाकडे गेला नाही. थर्मास काढून तिनं दोन कप कॉफी ओतली. एक त्याच्या डाव्या हातात दिला.

"तू थकतेस," तो म्हणाला. ते विचारणं नव्हतं.

"थकते. फार थकते. कधीकधी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डोळे मिटतात. मग?" ती कॉफीचा घोट घेत म्हणाली, "मला तू घरी हवायस. थकायचं तर आहेच, तू तिथं असलास तर त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून थकेन."

ओस्मुननं कप समोरच्या खाचेत ठेवला. थोड्या वेळानं दातांनी ओढून डावा हातमोजा काढला, आणि मग त्या हातानं उजव्या हाताचा मोजा काढला. दोन्ही हात हीटरच्या झोतापुढे धरले. मेलेला हात चांगल्या हातानं उचलून धरला होता.

आठला पाच कमी असताना काचेवर टकटक झाली. हालस्टाइन. टोपी, दाढी, भुवया, सगळं पांढरं. आज त्याच्या अंगावर घाटाचा पिवळा कोट होता आणि चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ओळीतल्या प्रत्येक गाडीची तपासणी त्यालाच करायची असते, आणि ज्याची तयारी नसेल त्याला तो मागं धाडतो, मग तो बालमित्र असो की आणखी कुणी.

"किती आहे?"

"सदुसष्ट."

"घोंगड्या, फावडं, खायला?"

"सगळं आहे."

त्यानं वाकून ओस्मुनकडे पाहिलं. ओस्मुननं त्याच्याकडे. दोघं एकमेकांना साठ वर्षं ओळखतात, त्यामुळे फार बोलावं लागलं नाही.

"माझ्या मागं पहिली ये," हालस्टाइन म्हणाला. "माझे लाल दिवे दिसेनासे झाले तर थांब, हॉर्न दे. चल."

घाटावर काहीच दिसत नव्हतं. पांढरं, पांढरं आणि त्यात दोन लाल ठिपके. गुनवोरनं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि ती पडद्यावरचे आकडे नाही, बर्फात रस्ता कळावा म्हणून कडेला रोवलेल्या काठ्या एका सुरात मोजत होती. मध्येच ओस्मुन म्हणायचा, "जरा डावीकडे," आणि ती जरा डावीकडे घ्यायची. चाळीस मिनिटांनी लाल ठिपके बाजूला झाले, हालस्टाइननं भोंगा वाजवला, आणि खाली शहराचे दिवे दिसले.

नऊ सत्तावीसला दोघं केंद्राच्या दारातून आत आली, गुनवोर आणि तिचा वॉकरवरचा ओस्मुन. पडद्यावर बत्तीस टक्के उरले होते. फ्रॉयदिसनं आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग ओस्मुनचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोटं एकेक करून दाबून पाहिली.

"गरम आहेत," ती म्हणाली. तिच्या टेबलावर खोलीचा अर्ज होता, कोरा. तिनं तो बाजूला सारला नाही, पुढंही ओढला नाही. "चार खेपा झाल्या. आता तू सांग, ओस्मुन. तुला काय हवंय?"

गुनवोरच्या तोंडात उत्तर तयार होतं. छत्तीस वर्षं कुणीही ओस्मुनला काही विचारलं की तीच सांगायची, कॉफीत दूध हवं की नको इथपासून. तिनं दात घट्ट मिटले.

"घरी," ओस्मुन म्हणाला.

गुनवोरनं खुर्चीची पाठ धरली.

"पण असा नाही," तो पुढं म्हणाला. "सामानासारखा नाही. इथं तुम्ही माझ्याकडून रबरी चेंडू दाबून घेता. घरी गेल्यावर चेंडूचं मी काय करू? कुणाच्या उपयोगाचा आहे तो?" त्यानं दम घेतला. "मला प्लग लावायला शिकवा."

"कसला प्लग?"

"गाडीचा."

फ्रॉयदिसनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा गुनवोरकडे, आणि मग उठून खुंटीवरचा कोट काढला. "चला मग. बाहेर."

केंद्राच्या मागं गाड्या उभ्या करायच्या जागी चार्जरचे दोन खांब आहेत. गुनवोरनं गाडी तिथं लावली. खांबाची वायर मनगटाएवढी जाड, थंडीनं ताठलेली. फ्रॉयदिसनं ओस्मुनच्या वॉकरची चाकं अडवली, त्याच्या कमरेचा पट्टा मागून धरला, आणि मोकळ्या हातानं प्लग खाली काढून त्याच्या डाव्या हातात दिला.

पहिल्यांदा प्लग गाडीच्या रंगावर घसरला आणि करकरला. दुसऱ्यांदा तो भोकापर्यंत गेला, पण तिरका. ओस्मुनच्या कपाळावर उणे सव्वीसात घाम आला होता. गुनवोर दोन पावलांवर उभी होती, कोटाच्या खिशात दोन्ही हात घातलेले. एक पाऊल टाकलं असतं, प्लगला जरा वर उचललं असतं, की संपलं असतं. तिला ते इतकं करावंसं वाटत होतं की खिशात तिच्या मुठी आवळल्या गेल्या. तिनं हात बाहेर काढले नाहीत.

तिसऱ्यांदा त्यानं वॉकरला कंबर टेकवली, मागून खांद्याचा जोर लावला आणि प्लग आत गेला. खट्ट. हिरवा दिवा लागला. ओस्मुन वळून दिव्याकडे बघत राहिला, आणि गुनवोरला रडू आलं, भर दिवसा, सगळ्यांसमोर, आणि तिनं ते लपवलं नाही.

"छान," फ्रॉयदिस म्हणाली. "काढ. पुन्हा लाव. दहा वेळा."

"दहा?" ओस्मुन म्हणाला.

"घरी रोज लावायचाय ना?"

ओस्मुननं प्लग बाहेर ओढला.